गुडघ्याची झीज, सूज आणि नवे उपचार: सांगली-मिरजेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसातला बराच वेळ गुडघ्यांतच जातो. विश्रामबागेतल्या निवृत्त बाई असोत, तासगावकडे द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या मावशी असोत, नाहीतर जत-अथणीहून मिरजेला दाखवायला आलेले काका, प्रश्न फिरून फिरून तेच येतात. अलीकडे त्यात मोबाइलवर पाहिलेल्या ‘नव्या इंजेक्शनां’ची भर पडलीय. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते. कुठलं औषध घ्यायचं, किती घ्यायचं हे तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांना काय विचारायचं, एवढं यातून कळलं तरी पुष्कळ.

डॉक्टर म्हणाले गुडघा झिजलाय. मग तुम्ही सूज-सूज काय लावलंय?

दोन्ही खरं आहे. ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे वापरून वापरून घासलेला सांधा, असंच बरीच वर्षं शिकवलं गेलं. पण त्यात एक गोम आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात नसा नसतात आणि रक्तवाहिन्याही नसतात. नुसती कूर्चा झिजली म्हणून ती दुखूच शकत नाही. दुखतं ते सांध्याचं आतलं अस्तर, कूर्चेखालचं हाड, वाटीखालची चरबीची गादी आणि सांध्याभोवतीचं आवरण.

कूर्चेचे बारीक कण सुटून सांध्यातल्या पाण्यात फिरायला लागले की, डोळ्यात कचरा गेल्यावर डोळा लाल व्हावा, तसं हे अस्तर चिडतं. चिडलेलं अस्तर इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ अशी रसायनं सोडतं. या रसायनांमुळे कूर्चेतल्याच पेशी कूर्चा तोडणारी एन्झाइम्स बनवायला लागतात. मग आणखी कण सुटतात आणि अस्तर आणखी चिडतं. आमवातात (रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये) जसा भडका उडतो तसा हा नसतो. हा मंद दाह, म्हणजे आतली सूज, असतो आणि वर्षानुवर्षं चालू राहतो.

‘वजनाचा भार पडतो म्हणून गुडघा झिजतो’ हेही अर्धंच खरं. वजन जास्त असलेल्यांमध्ये हाताच्या बोटांचा ऑस्टिओआर्थ्रायटिससुद्धा जास्त दिसतो, आणि बोटांवर तर कुणी चालत नाही. चरबीच्या पेशी नुसत्या साठून राहत नाहीत, त्या लेप्टिनसारखी रसायनं रक्तात सोडतात आणि ती सांध्यांपर्यंत पोचतात.

हे सगळं सांगायचं कारण एकच. झिजलेली कूर्चा परत आणणारं औषध आज नाही, पण दाह कमी-जास्त होतो. तोच गुडघा दिवाळीत जिना चढू देत नाही आणि फेब्रुवारीत बऱ्यापैकी चालतो, तेव्हा मधल्या काळात कूर्चा उगवलेली नसते. अस्तर शांत झालेलं असतं.

माझ्या एक्स-रेत ग्रेड चार आहे, जाऊबाईंचा ग्रेड दोन. दुखतं मात्र त्यांनाच जास्त. रिपोर्ट चुकलाय का?

नाही. ही ग्रेड पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडली. तिच्यात हाडांमधलं अंतर आणि हाडांना फुटलेले काटे मोजतात. अस्तर एक्स-रेत दिसतच नाही. तेव्हा ‘गॅप संपलाय’ या शब्दांनी घाबरून जायचं कारण नाही आणि ‘गॅप चांगला आहे’ म्हणून समोरच्याला नाटकी ठरवायचंही कारण नाही.

कूर्चा आणि दुखणं यांचा किती सैल संबंध आहे, ते स्प्रिफर्मिन नावाच्या इंजेक्शनच्या अभ्यासात दिसलं. २०१९ मध्ये आलेल्या निकालात कूर्चेची जाडी किंचित वाढली होती. दुखणं मात्र तुलनेसाठी सलाइनचं खोटं इंजेक्शन दिलेल्यांपेक्षा काही कमी झालं नव्हतं. एक सूचना मात्र जरूर पाळा: एक्स-रे उभं राहून काढलेला असावा. झोपवून काढलेल्या एक्स-रेत गॅप खऱ्यापेक्षा मोठा दिसतो.

सूज आहे की नाही हे घरी कसं ओळखायचं?

पलंगावर पाय सरळ ठेवून बसा आणि मांडीचा स्नायू सैल सोडा. वाटीच्या आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडच्या बाजूला, एक हलका खळगा दिसतो. तळहातानं त्या जागेवरून खालून वर मांडीकडे दोन-तीन वेळा हात फिरवा, म्हणजे आत पाणी असेल तर ते वर सरकेल. आता बाहेरच्या बाजूनं वरून खाली हात ओढा आणि नजर खळग्यावरच ठेवा. खळगा हळूच भरून फुगला तर सांध्यात पाणी आहे. जाड गुडघ्यात हे नीट दिसत नाही, तिथे सोनोग्राफी लागते.

पुढची खूण म्हणजे स्पर्श. हाताच्या मागच्या बाजूनं दोन्ही गुडघे आणि नडगी तपासा. एरवी गुडघा नडगीपेक्षा थोडा गारच लागतो. तो गरम लागत असेल तर आत दाह आहे.

तिसरी खूण सकाळची. उठल्यावर गुडघा आखडलेला असतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो, तर बहुधा ऑस्टिओआर्थ्रायटिसच. तासाभरापेक्षा जास्त वेळ आखडत असेल, दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजत असतील, तर आमवाताची तपासणी करून घ्या. चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर तेही सांगा, त्याची सांधेदुखी महिनोन् महिने राहते. आणि फक्त ‘आरए फॅक्टर पॉझिटिव्ह’ आला म्हणून आमवात झाला असं धरू नका. तो धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही पॉझिटिव्ह येतो.

ताप आहे, गुडघा लालबुंद आणि कढत झालाय, पाय टेकवताच येत नाही, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात पू झाला असेल तर एकेक दिवस महागात पडतो.

गुडघ्यातलं पाणी काढलं की परत होतं म्हणतात. काढूच नये का?

काढल्यामुळे परत होत नाही. अस्तर चिडलेलंच आहे म्हणून परत होतं. गुडघा तट्ट फुगला असेल तर पाणी काढल्यावर आराम पडतो, शिवाय ते तपासायला पाठवता येतं. युरिक अॅसिडचे स्फटिक आहेत की जंतू आहेत, हे त्यातूनच कळतं.

रोज एक पेनकिलर घेतली तर काय बिघडतं?

आधी जेल. डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्याला आणि बोटांना चांगलं लागू पडतं, कारण हे सांधे कातडीच्या जवळ आहेत. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात गुडघ्यासाठी पहिलं औषध हेच आहे. आपल्याकडे मात्र जेल म्हणजे ‘वरवरचं’ आणि गोळी म्हणजे ‘खरं’ असं लोक धरून चालतात. जेल दिवसातून एकदा बोटभर लावून उपयोग नाही. पुड्यावर लिहिलंय तेवढं, तेवढ्या वेळा, सलग दोन-तीन आठवडे लावा आणि मग ठरवा.

गोळ्या दाह कमी करतात यात वाद नाही. पण पोट, किडनी, रक्तदाब, हृदय या चौघांना त्याची किंमत मोजावी लागते. बीपीची टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी चालू आहे, सोबत लघवीची गोळी आहे, आणि वरून रोजची पेनकिलर, हे त्रिकूट किडनीला भारी पडतं. उन्हाळ्यात शेतात घाम गाळणाऱ्या माणसाला तर जास्तच. एटोरिकॉक्सिब या पेनकिलरनं बीपी चढतं. भडका उठला की चार-आठ दिवस डॉक्टरांना विचारून घेणं वेगळं आणि मेडिकलमधून परस्पर गोळ्यांचा पत्ता आणून सहा महिने खाणं वेगळं. दुसऱ्या प्रकारची माणसं मी आठवड्याला बघते.

इंजेक्शन घेऊ का? स्टेरॉइडचं, वंगणाचं, की रक्तातून काढून देतात ते?

तिन्ही वेगळी आहेत.

स्टेरॉइड हे दाहावरचं थेट औषध. गुडघा गरम आणि पाण्यानं भरलेला असेल तर काही आठवडे चांगला आराम देतं. घरात लग्न आहे, चार दिवस उभं राहायचंय, अशा वेळी उपयोगी. पण दर तीन महिन्यांनी ‘रिन्यू’ करायची ही गोष्ट नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या १४० रुग्णांचा अभ्यास आला. त्यात दर बारा आठवड्यांनी दोन वर्षं हे इंजेक्शन दिलं होतं. कूर्चा सलाइनवाल्यांपेक्षा जास्त झिजली आणि दुखण्यात शेवटी फरक नव्हता. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, घरी मोजत राहा. आणि सांधा बदलायचं ठरत असेल तर त्याआधीचे तीन महिने हे इंजेक्शन टाळतात, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

वंगणाचं म्हणजे हायल्युरोनिक अॅसिड. मोठे अभ्यास एकत्र करून पाहिले तर सलाइनपेक्षा फरक फारच थोडा निघतो. पैसे जास्त, फरक कमी, असं माझं मत.

रक्तातून काढून देतात ते पीआरपी, म्हणजे तुमच्याच रक्तातला प्लेटलेटवाला भाग. यावर माणसं हमरीतुमरीवर येतात. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये आला. रुग्णाला कळणार नाही अशा रीतीनं काहींना पीआरपी आणि काहींना सलाइन दिलं. वर्षभरानं दुखण्यात आणि कूर्चेत दोन्ही गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसलाय, हेही खरं. कर्ज काढून घेण्यासारखं मात्र ते नाही, एवढं मी ठामपणे सांगते.

आमवातावर नवी महागडी इंजेक्शनं आहेत. दाहच असेल तर ती झिजेच्या गुडघ्याला का देत नाहीत?

प्रश्न बिनतोड आहे, आणि संशोधकांनाही तो पडला होता. टीएनएफ रोखणारं अडालिमुमॅब आणि इंटरल्युकिन-६ रोखणारं टॉसिलिझुमॅब हाताच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये देऊन पाहिलं. उपयोग झाला नाही. इंटरल्युकिन-१ रोखणारं लुटिकिझुमॅब गुडघ्यासाठी पाहिलं, तेही पडलं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या आमवातावरच्या गोळीचीही तीच गत. एक रसायन अडवलं की दुसरी चार तेच काम करत राहतात, हे एक कारण असावं. दुसरं मला जास्त पटतं: सगळ्यांच्या गुडघ्यात सारखा दाह नसतो. कुणाचं दुखणं अस्तराचं, कुणाचं हाडाचं, कुणाच्या नसाच हळव्या झालेल्या. सगळ्यांना एका रांगेत बसवून एकच औषध वाढलं तर सरासरीत काहीच दिसत नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही. हृदयरोग्यांच्या एका मोठ्या अभ्यासात, सुमारे १०,००० जणांना कॅनाकिनुमॅब किंवा खोटं इंजेक्शन दिलं होतं. हे औषधही इंटरल्युकिन-१ चाच एक प्रकार अडवतं. पुढे आकडे चाळताना २०२० मध्ये लक्षात आलं की औषधवाल्यांमध्ये गुडघा-खुबा बदलायची पाळी बरीच कमी आली. मग गाउटवरच्या (युरिक अॅसिडच्या सांधेदुखीवरच्या) जुन्या, स्वस्त कोल्चिसिनकडे लोक वळले. ५,५२२ हृदयरोग्यांच्या अभ्यासात सांधा बदलावा लागलेले कोल्चिसिन गटात २.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ३.५ टक्के. आशा वाढली. मग खास सांधेदुखीसाठी कोल्चिसिन देऊन पाहिलं, तर काही महिन्यांत दुखणं काही कमी होईना. वर्षानुवर्षं दाह थोडा दबलेला राहिला तर सांधा टिकत असेल, पण आज दुखणारा गुडघा त्यानं उद्या बरा होत नाही, असा याचा सध्या लागणारा अर्थ. म्हणून मेडिकलमधून कोल्चिसिन आणून खाऊ नका. जास्त झालं तर ते जिवावर बेततं.

आमवातावरच्या मेथोट्रेक्सेट या गोळीचं जरा बरं आहे. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या अभ्यासात, हाताच्या सांध्यांत दाह दिसत असलेल्या ९७ जणांपैकी सुमारे निम्म्यांना आठवड्याला २० मिलिग्रॅम सहा महिने दिलं. शंभरच्या मोजपट्टीवर त्यांचं दुखणं सुमारे १५ नं उतरलं, खोट्या गोळीवर सुमारे ८ नं. ब्रिटनमध्ये गुडघ्यासाठी १५५ जणांवर पाहिलं, तिथेही थोडासा फायदा निघाला. चीनमधल्या अशाच अभ्यासात मात्र काही निघालं नाही. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोजची समजून घेतली आणि रुग्ण गेला, असे प्रकार घडलेले आहेत. लिव्हर, रक्ताच्या तपासण्या आणि संधिवाततज्ज्ञ, यांच्याशिवाय तिला हात लावायचा नाही.

नसांना हळवं करणारं रसायन अडवून दुखणं कमी करणारं टॅनेझुमॅबही येऊन गेलं. दुखणं कमी व्हायचं, पण काही जणांचे सांधे झपाट्यानं ढासळायला लागले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सल्लागार समितीनं १९ विरुद्ध १ मतांनी त्याच्या विरोधात कौल दिला आणि कंपनीनं ते सोडून दिलं.

वजन कमी करायचं इंजेक्शन गुडघ्यालाही चालतं म्हणे?

चालतं, आणि गेल्या काही वर्षांतला सगळ्यात ठळक निकाल याचाच आहे. सेमाग्लुटाइडचा गुडघ्यांवरचा अभ्यास ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आला. ४०७ जण, ६८ आठवडे. वजन औषधानं १३.७ टक्के उतरलं, खोट्या इंजेक्शननं ३.२ टक्के. दुखण्याचे गुण शंभरांपैकी ४१.७ नं कमी झाले, दुसऱ्या गटात २७.५ नं. भल्याभल्या पेनकिलरना हे जमत नाही.

आता खालची बारीक अक्षरं. त्या अभ्यासातल्या लोकांचं सरासरी वजन १०८ किलोच्या वर होतं. आमच्याकडे येणाऱ्या मावशी ६८-७२ किलोच्या. त्यांना तेवढाच फायदा होईल असं त्यावरून म्हणता येत नाही. चरबीबरोबर स्नायूही उतरतो, आणि म्हातारपणी गुडघा सांभाळतो तो स्नायूच. मळमळ, उलट्या, पित्ताशयाचे खडे हे त्रास आहेत. इंजेक्शन थांबवलं की वजन परत येऊ लागतं. भारतात ते लठ्ठपणासाठी २०२५ पासून मिळतं, पण गुडघेदुखीचं औषध म्हणून नाही. वजन खरंच फार असेल आणि वर्षानुवर्षं खर्च झेपणार असेल तर डॉक्टरांशी बोला.

आणि शुगरची साधी गोळी?

मेटफॉर्मिन. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून १०७ जणांचा अभ्यास आला. वजन जास्त असलेले, गुडघा दुखणारे लोक, रोज २,००० मिलिग्रॅमपर्यंत, सहा महिने. शंभरच्या मोजपट्टीवर दुखणं ३१ नं उतरलं, खोट्या गोळीवर १९ नं. गोळी जुनी आणि स्वस्त, त्यामुळे मला याचं कुतूहल सेमाग्लुटाइडपेक्षा जास्त आहे. पण अभ्यास छोटा आहे. शुगर असेल आणि गोळी चालूच असेल तर उत्तम. नसेल तर शेजारणीच्या पत्त्यातली घेऊ नका, किडनी कमजोर असेल तर ती चालत नाही.

आपण सांगलीचे. हळदीनं काम होणार नाही का?

हा प्रश्न इथे येणारच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, हरिपूरच्या पेवांतली हळद सगळ्या देशाला ठाऊक. तिच्यातला करक्युमिन हा दाह कमी करणारा घटक, हे प्रयोगशाळेत पुष्कळदा दिसलंय. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात गुडघ्यात पाणी असलेल्या ७० जणांना हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल बारा आठवडे दिल्या. २०२० मध्ये निकाल आला: दुखणं खोट्या गोळीपेक्षा जास्त कमी झालं, पण सांध्यातलं पाणी कमी झालं नाही.

आता स्वयंपाकघरातला हिशेब. चमचाभर हळदीत करक्युमिन शंभर मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेही पोटातून रक्तात फारसं जात नाही. म्हणजे आमटी-भाजीतली हळद आणि रात्रीचं हळद-दूध खुशाल घ्या, औषधाचा डोस म्हणून मात्र मोजू नका. अर्काच्या कॅप्सूल, विशेषतः मिरीच्या अर्कासोबतच्या, जास्त शोषल्या जातात आणि काही जणांच्या लिव्हरला त्यांनी इजा केल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी विचारा. मार्केट यार्डात आयुष्य गेलेल्या एका अडत्याचे गुडघे तपासताना मी हे सांगितलं, तर म्हणाले, “मग मॅडम, आमचे तरी चांगले राहायला हवे होते की!”

शल्लकी म्हणजे सालई गुग्गुळ, त्याचेही छोटे अभ्यास बरे आहेत. ग्लुकोसामीनवर १,५८३ जणांचा अमेरिकी अभ्यास २००६ मध्ये आला, एकंदर गटात खोट्या गोळीपेक्षा ठोस फायदा दिसला नाही. तेच पैसे अंडी, डाळी आणि दुधावर खर्च करा.

बाजारात एक पावडर मिळते, दोन दिवसांत गुडघा मोकळा. आयुर्वेदिक आहे, मग काय हरकत?

दोन दिवसांत मोकळा होतो, हीच हरकत. झाडपाल्याचं औषध सहसा इतक्या घाईनं काम करत नाही. अशा बिनलेबलच्या पावडरींत स्टेरॉइड आणि पेनकिलर मिसळलेली वारंवार सापडली आहेत. एक मावशी अशी पुडी पदराच्या गाठीला बांधून आल्या होत्या. गुडघा खरंच छान वाकत होता. पण चेहरा गोल झालेला, दंडांवर निळे-जांभळे डाग, पायांना सूज आणि शुगर कधी नव्हे ती चढलेली. कुणी वैद्यानं लिहून दिलेली नव्हती, आठवडी बाजारातनं आणलेली.

महत्त्वाचं: अशी पावडर कित्येक महिने घेत असाल तर एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं थांबलेलं असतं, अचानक बंद केलं तर बीपी कोसळतं. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा, ते हळूहळू उतरवतील.

गुडघ्याची रक्तवाहिनी बंद करायचा उपचार काय आहे?

चिडलेल्या अस्तरात नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्यासोबत नव्या नसाही. जांघेतून बारीक नळी घालून, त्या रक्तवाहिन्यांत सूक्ष्म कण सोडून त्या बुजवायच्या, अशी ही कल्पना जपानमधून आली. मोठ्या शहरांत आता करतात. खोटी प्रक्रिया करून तुलना केलेल्या छोट्या अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. ऑपरेशन नकोच किंवा झेपणारच नाही, त्यांनी चौकशी करावी. बाकीच्यांनी थांबावं.

दुखतंय तर आराम करायचा की चालायचं? चालून आणखी झिजणार नाही का?

याला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण फी देऊन आलेला माणूस ‘व्यायाम करा’ ऐकून हमखास नाराज होतो.

कूर्चेला रक्तपुरवठा नाही. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या पाण्यातून, आणि ते आत-बाहेर होतं दाब पडला-सुटला की. म्हणजे सांधा हलला नाही तर कूर्चा उपाशी. शिवाय आकुंचन पावणारा स्नायू स्वतःच दाह शमवणारी रसायनं सोडतो. व्यायामानंतर गुडघ्यातल्या द्रवात इंटरल्युकिन-१० हे दाह शमवणारं रसायन वाढलेलं मोजून पाहिलंय. २०१३ मध्ये आलेल्या ४५४ जणांच्या अमेरिकी अभ्यासात आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं वजन दीड वर्षात दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, दुखणं जवळपास निम्मं झालं, आणि रक्तातलं इंटरल्युकिन-६ नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी निघालं. एवढं करून दाखवणारी गोळी असती तर तिची जाहिरात दर एसटीच्या पाठीवर लागली असती.

सुरुवात अशी करा. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली, गुडघा खाली दाबून मांडी घट्ट, पाच मोजा, सोडा, असं दहा वेळा. मग पाठीवर झोपून एक पाय वाकवलेला, दुसरा सरळ, टाचेसकट वीतभर उचलायचा, पाच मोजून सावकाश खाली. आठवड्याभरानं खुर्चीवरून उठणं-बसणं, हात न टेकता. खुर्ची उंच हवी, कमी पडली तर उशी घाला. बसताना धप्पकन पडू नका, उतरणं सावकाश हाच खरा व्यायाम. हे सगळं आठवड्यातून तीन दिवस तरी, आणि बारा आठवडे व्हायच्या आत निकाल मागू नका.

व्यायाम करताना दुखेल. दहापैकी चार-पाचपर्यंत दुखणं चालतं, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळपदावर आलं पाहिजे. नाही आलं, गुडघा फुगला, तर पुढच्या वेळी कमी करा. बंद करू नका. चालायला आमराई चांगली, सपाट आणि सावलीची. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या उतरणं सध्या राहू द्या, चढण्यापेक्षा उतरताना वाटीवर जास्त भार येतो.

शेतातलं काम सोडता येत नाही. काय करू?

सोडा असं मी सांगतच नाही. उकिडवं बसणं तेवढं तोडा. भांगलताना, हळद काढताना, बेदाणा निवडताना वीतभर उंचीचा पाट किंवा लाकडी स्टूल घ्या. अर्धा तास झाला की उठून चार पावलं टाका. घरी कमोड किंवा कमोडची खुर्ची, देवपूजेला स्टूल. मांडी घालून बसायचा हट्ट सोडा. पंगतीत खुर्ची मागितली म्हणून कुणी हसत नाही आता.

शेक की बर्फ?

गरम आणि फुगलेल्या गुडघ्याला बर्फ, कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. आखडलेल्या, न सुजलेल्या गुडघ्याला शेक. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील तर दोन्हीही हातानं तपासून. शेकून भाजलेले गुडघे दर हिवाळ्यात बघायला मिळतात.

पथ्य? वांगं, बटाटा, दही, हरभऱ्याची डाळ बंद?

बंद करायची गरज नाही. यातल्या कशानं गुडघ्याचा दाह वाढतो असं सिद्ध झालेलं नाही. एखादी गोष्ट तुम्हाला दर वेळी बाधत असेल तर टाळा. कमी करायचं ते साखर, तळण आणि रात्री उशिराचं जेवण. चहा दिवसातून सहा वेळा दोन-दोन चमचे साखर घालून पिणाऱ्यांनी तर दुसरीकडे बघायचीच गरज नाही.

ऑपरेशन टळेल का?

काहींचं टळतं, पुष्कळांचं लांबतं. पण पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेत, रात्री झोप लागत नाही, संडासला जाणं अवघड झालंय, आणि मन लावून केलेल्या व्यायामाचा उपयोग होत नाही, तर दाह शांत करून वाकलेलं हाड सरळ होणार नाही. तेव्हा सांधा बदलणं हाच चांगला उपचार आहे आणि त्याला उगाच घाबरू नये. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किंवा आयुष्मानमध्ये तुमचं ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात बसतं, ते तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, मग तारीख ठरवा. शंभरातल्या दहा-वीस जणांना ऑपरेशननंतरही थोडंफार दुखत राहतं, हेही आधी माहीत असलेलं बरं. ज्यांची मांडी आधीपासून बळकट, ते लवकर उठतात.

दाखवायला येताना काय आणू?

उभं राहून काढलेला एक्स-रे, फिल्म स्वतः, नुसता रिपोर्ट नको. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पत्त्यांसकट, पिशवीत घालून, पावडर आणि काढा धरून. तीन-चार महिन्यांच्या आतली शुगर आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी). गुडघ्याच्या वर सरकेल असा सैल सलवार किंवा लेंगा घाला. साडीही चालते, घट्ट जीन्स मात्र नको. आणि ज्या चपला रोज वापरता त्याच घालून या, नव्या नकोत. टाच कुठल्या बाजूनं झिजलीय ते मला बघायचं असतं.